मराठवाड्यातून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गोल्फ: टी टाइमपासून बॅग भरण्यापर्यंत

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावी समुद्राकडे तोंड असलेली खोली पैसे मोजून मिळते, दारात गाडी मिळते, जेवायला मनासारखे टेबल मिळते. तिथल्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर खेळायची वेळ, म्हणजे टी टाइम, मात्र तेवढ्याने मिळत नाही. जालना, संभाजीनगर, लातूरकडची मंडळी आधी मुलांच्या सुट्ट्या बघतात, मग विमान काढतात, मग हॉटेल, आणि टी टाइमची चौकशी सगळ्यात शेवटी करतात. हा क्रम उलटा करायचा. आधी टी टाइम, मग त्याभोवती हॉटेल, आणि विमान शेवटी. पुढचे सगळे नियोजन या क्रमाने दिले आहे.

जायचे कुठे

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये जी वाळूची, खुरट्या गवताची, उंचसखल पट्टी असते तिला लिंक्स म्हणतात. जमीन वाळूची असल्याने पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही, गवत बारीक आणि जमीन घट्ट राहते, बॉल पडल्यावर लांब घरंगळतो. झाडे जवळपास नसतात, म्हणून वारा अडत नाही. पुण्या-मुंबईच्या हिरव्यागार, पाणी पाजलेल्या कोर्सवर शिकलेला खेळ इथे निम्माच चालतो.

ओपन चॅम्पियनशिप ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा पहिल्यांदा 1860 साली प्रेस्टविकला झाली. तेव्हा तिथे 12 होल, म्हणजे खड्ड्यापर्यंत खेळायचे टप्पे, होते आणि खेळाडू होते फक्त आठ. सेंट अँड्र्यूजला ओपन पहिल्यांदा आली 1873 मध्ये. ओल्ड कोर्स खासगी क्लबचा नाही, ती सार्वजनिक जमीन आहे. सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट तिचा कारभार पाहतो आणि त्याच ट्रस्टकडे न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम, बॅलगोव्ह आणि कॅसल असे आणखी सहा कोर्स आहेत. न्यू कोर्सच्या नावावर जाऊ नका, तो 1895 चा आहे.

स्कॉटलंडचे नामांकित किनारी कोर्स तीन पट्ट्यांत विभागले तर आखणी सोपी होते. पहिली पट्टी फाइफ आणि अँगस: सेंट अँड्र्यूज, किंग्जबार्न्स, क्रेल, एली आणि टे नदीचा पूल ओलांडून कार्नूस्टी. दुसरी एडिनबरोच्या पूर्वेची: म्युअरफील्ड, गलन, नॉर्थ बेरिक. तिसरी पश्चिम किनाऱ्यावर, ग्लासगोच्या खाली: रॉयल ट्रून, प्रेस्टविक, टर्नबेरी. उत्तरेला रॉयल डॉरनॉक अप्रतिम आहे, पण त्याच्यासाठी जाण्यायेण्यासह तीन दिवस वेगळे काढावे लागतात. आठ-नऊ रात्रींच्या पहिल्या सहलीत दोन पट्ट्या घ्याव्यात. तिन्ही घेणारे रोज दोन-तीन तास गाडीत बसतात आणि चौथ्या दिवशी दमून खेळतात.

हँडिकॅपचा कागद

हा नसेल तर पुढे काहीच नाही. ओल्ड कोर्ससह बहुतेक चॅम्पियनशिप कोर्स हँडिकॅप सर्टिफिकेट, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा दाखला, मागतात (आकडा लहान तितका खेळ चांगला). ओल्ड कोर्सची मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही 36 आहे, काही क्लब याहून बरेच कडक आहेत. त्यामुळे गटातल्या सर्वांत कच्च्या खेळाडूचा आकडा पाहूनच कोर्स निवडा.

मराठवाड्यातून खेळणाऱ्या बहुतेकांचा होम क्लब पुणे, नाशिक किंवा मुंबईत असतो, आणि तिथे जाऊन खेळलेल्या फेऱ्यांचे स्कोअरकार्ड जमा करायचे राहून जाते. जागतिक हँडिकॅप पद्धतीत सुरुवातीचा आकडा मिळायला एकूण 54 होलचे स्कोअर लागतात, म्हणजे 18 होलच्या तीन फेऱ्या. पुढे शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांवरून आकडा ठरतो. सहलीआधीच्या वर्षात प्रत्येक फेरीचे कार्ड जमा करा, वाईट फेरीचेसुद्धा. आकडा खाली दिसावा म्हणून वाईट कार्डे दडवली तर तिकडच्या वाऱ्यात लाज निघते आणि मागचा गट खोळंबतो.

सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव असते, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर. स्टार्टरच्या (गटांना खेळायला सोडणाऱ्या माणसाच्या) खिडकीपाशी त्यावरून प्रश्न निघू शकतो. क्लबच्या सचिवांकडून सहलीच्या महिनाभर आधीचे ताजे पत्र घ्या, छापील प्रत जवळ ठेवा. त्यावर हँडिकॅप इंडेक्स असावा. एखाद्या कोर्सपुरता निघालेला कोर्स हँडिकॅप चालत नाही.

ओल्ड कोर्सची वेळ मिळवण्याचे चार रस्ते

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. त्या दिवशी तो गावाचा बगीचा होतो, लोक कुत्री घेऊन फिरतात. आठवड्यात हाताशी दिवस सहाच, हे धरून चला.

पहिला रस्ता आगाऊ अर्जाचा. पुढच्या वर्षाच्या तारखांसाठी ट्रस्ट साधारण ऑगस्टच्या अखेरीस ऑनलाइन अर्ज उघडतो आणि खिडकी थोडेच दिवस उघडी असते. मे 2028 मध्ये जायचे तर ऑगस्ट 2027 मध्ये अर्ज. पोळ्याच्या सुमाराची आठवण फोनमध्ये लावून ठेवा. चौघांचा गट, नावे, हँडिकॅप आणि तारखांचे पर्याय तयार असले पाहिजेत. एकच तारीख धरून बसलात तर शक्यता कमी होते.

दुसरा रस्ता अधिकृत टूर कंपनीचा. ट्रस्टने मान्यता दिलेल्या कंपन्यांना काही वेळा आधीच दिलेल्या असतात. त्या हॉटेल आणि इतर फेऱ्यांसह विकल्या जातात, म्हणून महाग पडतात, पण वेळ पक्की असते. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: कंपनीचे नाव ट्रस्टच्या अधिकृत यादीत आहे याची खात्री, आणि तुमची वेळ ‘गॅरंटीड’ आहे की नुसती ‘बॅलटमध्ये (सोडतीत) नाव टाकू’ असे आहे. आपल्याकडचे काही एजंट सोडतीतले नाव पक्क्या वेळेच्या भावात विकतात. महागड्या हॉटेलात राहिल्याने वेळ आपोआप मिळते, हाही गैरसमज आहे.

तिसरा रस्ता बॅलट, म्हणजे रोजची सोडत, आणि सर्वसामान्य खेळाडूला हाच खरा आधार. दोन ते चार जणांचा गट नाव टाकू शकतो. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावे जायला हवीत, निकाल त्याच दिवशी दुपारनंतर लागतो. सोमवारच्या खेळाची सोडत शनिवारी होते. उन्हाळ्यात तिकडचे दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांसाठी नाव घरूनच टाकून निघता येते. नाव टाकायचे असेल तर त्या भागात मुक्काम असेल त्या प्रत्येक दिवशी टाका. दोन दिवस टाकून सोडून देणारे निराश होऊन परततात. सोडत लागली आणि त्याच वेळी तुम्ही पश्चिम किनाऱ्यावर ट्रूनला असाल तर उपयोग शून्य, म्हणून सेंट अँड्र्यूजच्या परिसरात सलग चार ते पाच रात्री ठेवा आणि त्या दिवसांत दूरचे, पैसे परत न मिळणारे बुकिंग करू नका. जवळच्या कोर्सवर दुपारची वेळ घेतली असेल तर सकाळ सोडतीसाठी मोकळी राहते.

चौथा रस्ता एकट्याचा. पूर्वी लोक पहाटेपासून, कधी रात्रभर, स्टार्टरच्या खोलीबाहेर रांग लावत. 2024 पासून ती रांग बंद झाली आणि एकेकट्या खेळाडूंची डिजिटल सोडत सुरू झाली. खेळाच्या आदल्या दिवशी, दिवसाउजेडी, गोल्फ कोर्सवर प्रत्यक्ष जाऊन हँडिकॅप दाखवून नाव नोंदवायचे आणि संध्याकाळी निरोप येतो. दोन किंवा तीन जणांच्या गटात जागा रिकामी असेल तिथे तुम्हाला बसवतात. चौघे मित्र गेलात आणि गटाची सोडत दोनदा हुकली, तर तिसऱ्या दिवशी चौघांनी वेगवेगळे नाव टाकावे. वेगवेगळ्या गटांत का होईना, खेळायला मिळते.

काही तारखा मुळातच टाळा. 2027 ची ओपन सेंट अँड्र्यूजला आहे, त्या उन्हाळ्यात कोर्स पाहुण्यांसाठी बराच काळ बंद असेल. सप्टेंबरमध्ये रॉयल अँड एन्शंट क्लबची बैठक असते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी आणि किंग्जबार्न्स या तिन्ही ठिकाणी एकदम होते. नोव्हेंबर ते मार्च फी कमी असते, पण ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर, म्हणजे होलच्या कापलेल्या गवताच्या मुख्य पट्टीवर, प्लास्टिकच्या चटईवरून मारावे लागते आणि दिवस लहान असतो. एवढ्या लांब जाऊन चटईवर खेळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मे, जून आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हे दिवस सर्वांत चांगले. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे संध्याकाळी पाचला सुरू केलेली फेरीही पुरी होते. ज्यांचा बियाण्यांचा किंवा खताचा व्यवसाय आहे त्यांना जून जमत नाही, त्यांनी सप्टेंबर धरावा.

आठ रात्रींची एक आखणी

शनिवारी एडिनबरोला उतरा. पहिल्या दोन रात्री नॉर्थ बेरिकला मुक्काम करा, एडिनबरोहून रेल्वेने जेमतेम अर्धा तास लागतो. रविवारी दुपारी नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर फेरी. तेराव्या होलवर ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडे दगडी भिंत आहे, तिच्यावरून बॉल टाकावा लागतो. पंधरावा ‘रेडॅन’, ज्याची नक्कल जगभरातल्या कोर्सवर झाली. झोप आणि पाय दोन्ही जुळवायला ही फेरी बरी. सोमवारी सकाळी सेंट अँड्र्यूज, गाडीने साधारण दीड ते दोन तास, वाहतुकीवर अवलंबून. दुपारी न्यू किंवा ज्युबिली. मंगळवार ते शुक्रवार सेंट अँड्र्यूजलाच राहून रोज सोडत, मोकळ्या दिवशी कार्नूस्टी, किंग्जबार्न्स आणि क्रेल. शनिवारी एडिनबरो, रविवारी परत.

म्युअरफील्ड घ्यायचे असेल तर आखणी बदलते, कारण तिथे पाहुण्यांना ठरावीक वारीच, प्रामुख्याने मंगळवार आणि गुरुवारी, खेळता येते आणि बुकिंग खूप आधी भरते. जेवणाच्या दालनात कोट आणि टाय लागतोच. लग्नातला चमकदार सूट नको, साधा गडद ब्लेझर पुरतो.

पश्चिमेचा प्रेस्टविक मनापासून सुचवतो. आज तिथे ओपन होत नाही, शेवटची 1925 मध्ये झाली, पण जुना गोल्फ कसा होता ते तिथेच कळते. पहिल्या होलच्या उजवीकडे भिंतीपलीकडे रेल्वे धावते, पाचवा ‘हिमालयाज’ पूर्णपणे आंधळा, टेकडीपलीकडचे ग्रीन दिसतच नाही. जवळच ट्रूनचा आठवा होल, ‘पोस्टेज स्टॅम्प’, फक्त 123 यार्डांचा, आणि पाच बंकरांनी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांनी, वेढलेला. 1973 च्या ओपनमध्ये जीन साराझेन यांनी तिथे 71 व्या वर्षी एका फटक्यात बॉल होलमध्ये टाकला होता. वारा समोरून असेल तर चांगले खेळाडूही तिथे पाच-सहा लिहून जातात.

खर्च

नामांकित कोर्सची उन्हाळ्यातली ग्रीन फी आता 300 पौंडांच्या वर आहे, म्हणजे एका फेरीला एका माणसामागे पस्तीस-चाळीस हजार रुपये धरावेत. टर्नबेरी याहून खूप महाग. क्रेल, एलीसारखे जुने पण कमी गाजलेले कोर्स बरेच स्वस्त आहेत आणि खेळायला मुळीच कमी नाहीत. एलीला पहिला फटका टेकडीवरून आंधळा मारायचा असतो, म्हणून स्टार्टर पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून पुढचा गट गेला का ते पाहतो. सहा फेऱ्यांत तीन गाजलेले आणि तीन कमी गाजलेले अशी वाटणी केली तर पैसा आणि मन दोन्ही बरे राहते.

कॅडीची, म्हणजे बॅग उचलून सल्ला देणाऱ्या सोबत्याची, फी ग्रीन फीमध्ये नसते. फी आणि बक्षीस मिळून एका फेरीला साधारण 100 ते 120 पौंड बाजूला ठेवा, आणि रोख ठेवा. ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा खेळताना कॅडी घ्याच. तिथले बरेच बंकर टीवरून (पहिल्या फटक्याच्या जागेवरून) दिसत नाहीत आणि कुठे मारायचे ते नकाशावरून कळत नाही. बाकी ठिकाणी एक कॅडी दोघांत घेता येतो का ते आधी विचारा.

टूर कंपनीला इथून पैसे भरताना किंवा परदेशी रक्कम पाठवताना टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापला जाऊ शकतो. दर बजेटमध्ये बदलत राहतात, म्हणून भरण्याच्या आठवड्यात सीएला विचारा. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात वळती होते. त्यासाठी चौघांचे पैसे एकाच्या खात्यातून न भरता ज्याचे त्याने आपल्या पॅनवर भरावेत. नाहीतर एकाच्या नावावर सगळा टीसीएस बसतो आणि मग मित्रांत हिशेब लांबतो.

व्हिसा: मराठवाड्यातल्या कागदांची वेगळी अडचण

युकेचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबईच्या केंद्रात जावे लागते आणि त्यानंतर साधारण तीन आठवडे धरावेत. मेमध्ये जायचे तर फेब्रुवारीच्या अखेरीस अर्ज टाका. एप्रिलमध्ये सगळा भारत रांगेत असतो.

नोकरदारांचे कागद सरळ असतात. अडते ते शेती, अडत आणि कौटुंबिक व्यवसाय असलेल्यांचे. बँक खात्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापूस, सोयाबीन किंवा तुरीचे पैसे एकदम जमा होतात. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ती रक्कम व्हिसासाठी कुणाकडून तरी घेऊन भरल्यासारखी वाटते. म्हणून त्या जमेशेजारी बाजार समितीची पट्टी किंवा कारखान्याचे ऊस बिल जोडा आणि एका पानाच्या पत्रात तारखेनुसार कोणती रक्कम कशाची ते लिहा. सातबारा, आठ अ, पट्ट्या मराठीत असतात. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावे लागते, त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. मूळ मराठी प्रतही सोबत द्या. भाषांतर नसलेला सातबारा म्हणजे न दिलेलाच.

सोबत तीन वर्षांची विवरणपत्रे, सहा महिन्यांचे खाते-उतारे, टी टाइमची आणि हॉटेलची पुष्टी जोडा. प्रवासाच्या हेतूत नुसते ‘पर्यटन’ न लिहिता कोणत्या दिवशी कोणत्या कोर्सवर खेळणार ते लिहा. अर्ज टाकताना बॅलट लागलेले नसतेच, म्हणून ओल्ड कोर्स पक्का असल्यासारखे लिहू नका. जे बुक आहे तेच लिहा. उत्तर आयर्लंडमधले रॉयल पोर्टरश आणि रॉयल काउंटी डाउन याच व्हिसात येतात, आयर्लंड प्रजासत्ताकातले कोर्स मात्र वेगळा देश, त्याचे नियम वेगळे पाहावे लागतात.

बॅग आणि प्रवास

एडिनबरोला मुंबईहून आखाती देश, इस्तंबूल किंवा लंडनमार्गे जाता येते. चिकलठाण्याहून मुंबईचे विमान वेगळ्या तिकिटावर घेऊ नका. ते उशिरा आले तर पुढचे विमान सुटते आणि भरपाई कुणीच देत नाही. शिवाय मुंबईत बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते. आदल्या दिवशी समृद्धीवरून गाडीने मुंबई गाठून तिथे रात्र काढणे सर्वांत निर्धास्त.

गोल्फ बॅगचे वजन 23 किलोच्या आत ठेवा. हिशेब असा: चौदा क्लब (मारायच्या दांड्या) सुमारे सहा किलो, हलकी स्टँड बॅग अडीच, प्रवासाचे कव्हर तीन-चार, दोन डझन बॉल एक किलोहून थोडे जास्त, एक जोडी बूट किलोभर. उरलेल्या वजनात पावसाळी कपडे क्लबच्या डोक्यांभोवती गुंडाळा. ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबचे डोके पान्याने सोडवून मोज्यात घालून मधोमध ठेवा. बॅगेत सर्वांत उंच क्लबपेक्षा दोन इंच लांब अशी मजबूत काठी उभी करा. बॅग उलटी आदळली तर धक्का काठी घेते, शाफ्ट वाचतात. तुटलेला ड्रायव्हर बहुतेकदा याच काठीअभावी तुटलेला असतो. रेंजफाइंडरची सुटी बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. तिकीट काढताना गोल्फ बॅग नेहमीच्या सामानात धरतात की वेगळे पैसे, हे कंपनीकडून लेखी घ्या.

बूट आणि क्लब घासून धुवून न्या. आपली काळी माती बुटाच्या खाचांत सुकून बसते, आणि परदेशी माती घेऊन येणे तिकडे चालत नाही. नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालू नका, दोन महिने आधी घेऊन मुरवा.

कपड्यांत स्वेटरपेक्षा पाऊस अडवणारा जोड महत्त्वाचा: जाकीट आणि पँट दोन्ही, हलताना आवाज न करणारी. ओल्या हातात पकड धरणाऱ्या रेन ग्लव्ह्जची जोडी, लोकरी टोपी, तीन टॉवेल, बुटांच्या दोन जोड्या. जूनमध्येही दुपारी पंधरा अंश आणि वारा असेल. बेचाळीस अंशांतून निघताना हे खरे वाटत नाही, म्हणून लोक जाकीट घरी ठेवतात आणि तिकडच्या प्रो शॉपमध्ये चौपट पैसे मोजतात.

खाण्यात शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले चणे न्या. तूप, पेढे, खव्याचे काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. फेरीत नववा होल झाल्यावर छोट्या दुकानात सूप आणि सँडविच मिळते, शाकाहारी असेलच असे नाही.

घरी करायचा सराव

ओल्ड कोर्सवर बग्गी नाही, वैद्यकीय कारण असेल तरच. इतर ठिकाणीही चालणेच धरा. एका फेरीत दहा-अकरा किलोमीटर होतात, तेही उंचसखल वाळूवरून, आणि ओल्ड कोर्सवर फेरी 3 तास 57 मिनिटांत संपवावी अशी अपेक्षा असते. दोन महिने आधीपासून आठवड्यातून चार दिवस सात-आठ किलोमीटर चाला. संभाजीनगरकरांना गोगाबाबा टेकडीची चढउतार यासाठी उत्तम. शेवटचे तीन आठवडे पाठीवर बॅग घेऊन चाला.

फटक्यांत दोनच गोष्टी घोटा. एक, खाली राहणारा फटका: बॉल पायांच्या मध्याच्या थोडा मागे, एक-दोन क्लब जास्त (म्हणजे तेवढ्या पायऱ्या लांब मारणारा), हात छातीच्या उंचीला थांबवायचे. जोर लावला की बॉलला उलटी फिरकी जास्त बसते आणि तो वाऱ्यात वर चढून तिथेच पडतो, म्हणून हळू मारायचे. दुसरी, जमिनीवरून घरंगळत नेणारा फटका: ग्रीनबाहेर वीस-तीस यार्डांवरून सँड वेज न काढता सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने पटरसारखा (ग्रीनवर बॉल घरंगळवायच्या क्लबसारखा) झोका द्यायचा. गवत बारीक असेल तर थेट पटर. उन्हाळ्यात आपल्याकडे जमीन टणक आणि गवत जवळजवळ नसते, या फटक्याचा सराव करायला याहून चांगली जागा पुण्याच्या कोर्सवरही नाही. मैदानावर मुरुमाचे खडे मात्र आधी उचला.

अंतराचा हिशेब बदलतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, हवा गरम आणि विरळ. किनाऱ्यावर हवा थंड आणि जड. दोन्ही मिळून 150 यार्डांच्या फटक्यात सात-आठ यार्ड सहज कमी होतात, वारा धरण्याआधीच. समोरून वाऱ्याच्या दर मैलामागे अंतर एक टक्का कमी धरा, पाठीमागून असेल तर अर्धा टक्का जास्त. ताशी 20 मैलांचा वारा तिथे रोजचा. म्हणजे 150 यार्डांसाठी 180 चा क्लब, आणि हातात तो घ्यायला मन तयार हवे.

ओल्ड कोर्सवर प्रत्यक्ष

शक्य असेल तर खेळण्याआधीच्या रविवारी कोर्सवर उलट्या दिशेने, अठरावरून एककडे, चालून या. ग्रीनकडून मागे पाहिले की टीवरून न दिसणारे बंकर दिसतात. सात ग्रीन दुहेरी आहेत, प्रत्येकी दोन होलची: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, असे. दोन आकड्यांची बेरीज अठरा येते. जाणाऱ्या होलचे झेंडे पांढरे, येणाऱ्यांचे लाल. चुकीच्या झेंड्याकडे मारणारे दररोज दिसतात. पट, म्हणजे ग्रीनवरून घरंगळवायचा फटका, मग साठ-सत्तर यार्डांचा राहतो.

साधा नियम असा की शंका आली तर डावीकडे मारा. जाताना उजवीकडे काटेरी गॉर्स, येताना उजवीकडे हद्दीबाहेर. डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे असतो, तिथून पुढचा फटका मिळतो. पहिल्या होलवर फेअरवे प्रचंड रुंद आहे, भीती आहे ती ग्रीनला चिकटून वाहणाऱ्या स्विल्कन ओढ्याची. दुसऱ्या फटक्याला एक क्लब जास्त घ्या, ग्रीनच्या मागे गेलेले परवडते.

चौदाव्या होलवरचा हेल बंकर टाळण्यासाठी दुसरा फटका डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर ठेवा. 1995 च्या ओपनमध्ये जॅक निक्लॉस यांना त्यातून बाहेर यायला चार फटके लागले. कुठल्याही खोल बंकरमध्ये बॉल भिंतीला चिकटला तर झेंड्याकडे मारायचा हट्ट नको. बाजूला किंवा मागे काढा. तेही शक्य नसेल तर ‘अनप्लेएबल’ जाहीर करून एका दंडात बंकरमध्येच, किंवा दोन दंडांत बंकरबाहेर मागच्या रेषेवर बॉल ठेवता येतो. दोन दंड जास्त वाटतात, पण आत चार फटके हाणण्यापेक्षा स्वस्त.

सतरावा, रोड होल, चॅम्पियनशिप टीवरून 495 यार्ड आणि पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा. टीवरून हॉटेलच्या शेडवरून बॉल पलीकडे मारायचा, उजवीकडे हद्दीबाहेर. ग्रीनच्या डावीकडे रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. रस्ता कोर्सचाच भाग आहे, तिथे बॉल पडला तर फुकट सवलत नाही, आहे तिथून खेळायचे. 1978 मध्ये टॉमी नाकाजिमा यांचा ग्रीनवरून मारलेला पट त्या बंकरमध्ये घरंगळला आणि होलवर नऊ लिहिले गेले. साधारण खेळाडूने हा होल पार पाच समजावा: तिसरा फटका ग्रीनच्या उजव्या-समोरच्या बाजूला, तिथून दोन पट.

अठराव्यावर स्विल्कन पुलावर फोटो काढताना मागचा गट टीवर उभा असतो. अर्ध्या मिनिटात एकच फोटो घ्या, चौघांनी आळीपाळीने नको. ग्रीनसमोरच्या खोलगट भागात, व्हॅली ऑफ सिनमध्ये, बॉल थांबला तर वेज नको, पटर घ्या आणि वाटते त्यापेक्षा जोरात मारा.

सोबत कुटुंब असेल तर

न खेळणाऱ्यांसाठी ओल्ड कोर्सच्या शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचे उंचसखल पटिंग मैदान आहे. 1867 पासूनच्या महिलांच्या पटिंग क्लबचे, पाहुण्यांना थोड्या पैशांत खुले. मुले तिथे दोन तास सहज रमतात. गावात कॅथेड्रलचे अवशेष, किल्ला आणि वेस्ट सँड्सचा लांबलचक किनारा पायी अंतरावर आहे. सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही, जवळचे स्टेशन ल्यूकर्स, तिथून बस किंवा टॅक्सी.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आपला इंग्रजी छपाईचा परवाना पाहुण्यांना तिथे बारा महिने चालतो आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. ऑटोमॅटिक गाडी आधी मागून ठेवा. चौघांच्या चार गोल्फ बॅग आणि चार सुटकेस नेहमीच्या मोठ्या गाडीत बसत नाहीत, नऊ आसनी व्हॅन लागते. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचे हवे, टूर भरणाऱ्या मित्राचे चालत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री ओले बूट, ग्लव्ह्ज आणि बॅगचे पावसाळी झाकण हॉटेलच्या ड्रायिंग रूममध्ये द्या. गोल्फच्या हॉटेलांत ती सोय असते, रिसेप्शनला विचारावे लागते. ओले सामान तसेच कव्हरमध्ये बंद केले तर मुंबईपर्यंतच्या प्रवासात चामड्याला बुरशी धरते आणि क्लबच्या ग्रिप चिकट होतात.